सायलस एडवर्डचे वडील

आमच्या इमारतीसमोरच्या खजुरी यंदा पुन्हा पिवळ्या पडल्या. माणसं शिड्या लावून घडांना जाळीच्या पिशव्या बांधून गेली. आखातातल्या या रिग्गईत ऋतू ओळखायचा तो असल्या खुणांवरून. जूनमध्ये उत्तरेचा धुळीचा वारा सुटतो आणि आभाळ मातकट होतं. जुलैत खजूर पिवळा होतो. ऑगस्टात समुद्राकडून ओल येते आणि दाराबाहेर पाऊल टाकताच चष्मा धुरकटतो. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की थंड पाण्याच्या नळाखाली हात धरवत नाही. म्हणून इथं उन्हाळाभर गिझर बंद ठेवतात आणि गार पाणी हवं असेल तर गरम पाण्याचा नळ सोडतात. बंद गिझरमध्ये, खोलीच्या गारव्यात पडून राहिलेलं पाणी तेवढं अंगावर घेण्याजोगं असतं. नवीन माणसाला हे कुणीतरी सांगावं लागतं. मला माझ्या खोलीतल्या नंदूनं सांगितलं होतं.

काल अंघोळीला गेलो, सवयीनं गरम नळ सोडला, आणि गेल्या वर्षीचा उन्हाळा अंगावर आला.

तुरुंग म्हणावं असं त्या उन्हाळ्यात काही नव्हतं. खोलीत वातानुकूलन होतं, फ्रीजमध्ये भाजी होती, पगार वेळेवर होत होता. दाराला कुलूप नव्हतं. तक्रार करायची तर कुणाकडे आणि कशाची, असा प्रश्न पडावा अशी ती अडवणूक होती. आमची कंपनी तेलक्षेत्रातली छोटी पोटकंत्राटदार. काम मे महिन्यातच संपलं होतं. पण हस्तांतराच्या शेवटच्या कागदांवर सह्या होईपर्यंत कुणाला सोडायचं नाही असं मालकानं ठरवलं होतं. इथून देशाबाहेर जायचं तर मोबाइलवरून अर्ज करायचा आणि मालकानं तो मंजूर करायचा. मंजुरी नसेल तर हातातलं तिकीट म्हणजे नुसता कागद. जहरा शहराच्या रस्त्याला, वाळूत उभ्या केलेल्या पत्र्याच्या केबिनमध्ये आम्ही सातजण रोज सकाळी जाऊन बसायचो आणि संध्याकाळी पाचला परत यायचो. केबिनच्या खिडकीतून एक कुंपण दिसायचं, कुंपणापलीकडे तीच वाळू. कधी कधी मला वाटायचं, कुंपणाच्या आत आपण आहोत की ती वाळू?

मला जुलैअखेर घरी पोचायचं होतं. ३१ तारखेला अण्णा, म्हणजे माझे वडील, निवृत्त होणार होते. जत तालुक्यातल्या आमच्या गावच्या हायस्कुलात ते शिपाई होते. मी त्याच शाळेत शिकलो. वर्गावर्गांतून सूचनेची वही घेऊन येणारा माणूस माझा बाप होता आणि वर्गात आल्यावर तो माझ्याकडे कधी बघायचा नाही. घरी मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "शाळंत मी शिपाई हाय. तू इद्यार्थी. बगायचं काय?" पाटीलसरांनी माझ्या बी.कॉम.चा पहिल्या वर्षाचा फॉर्म स्वतः भरून दिला. देशपांडेबाईंनी सांगलीत त्यांच्या बहिणीकडे मला दोन वर्षं जेवायला घातलं. आमच्या घराण्यात पदवीचा कागद पहिल्यांदा आला तो असा, चार घरांच्या हातून. त्या सगळ्यांसमोर अण्णांना शाल घालणार होते. अण्णांनी फोनवर एवढंच विचारलं होतं, "जमंल न्हवं तुला?" मी म्हणालो होतो, जमेल.

वॉरनसाहेब आमचे प्रोजेक्ट मॅनेजर. अमेरिकन, पासष्टीचे, उंच, आणि बूट घालून नेहमी जरा जपून चालणारे, जणू फरशी कुणाची तरी उसनी आहे. मालकाच्या लेखी तेही आमच्यातलेच. त्यांचाही अर्ज मंजूर व्हायचा होता. मी त्यांचा डॉक्युमेंट कंट्रोलर. प्रत्येक नकाशाला, प्रत्येक पत्राला क्रमांक द्यायचा, त्याची कितवी आवृत्ती ते नोंदवायचं आणि मागितला की कुठलाही कागद दोन मिनिटांत काढून द्यायचा, हे माझं पोट. जूनच्या सुरुवातीला एके दिवशी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"सिद्धराम, तू कागद शोधतोस. मला एक माणूस शोधून देशील?"

"कुठला माणूस, सर?"

"मेलेला. साडेतीनशे वर्षं झाली."

त्यांची आई एक्याण्णव वर्षांची. ओहायोतल्या एका गावात वृद्धाश्रमात. त्या बाईंना आयुष्यभर एकच ओढ होती. अमेरिकेत अगदी आधी, इंग्रजांची वसाहत होती त्या काळात, जी माणसं येऊन वसली, त्यांच्या वंशजांची एक संस्था आहे. तिच्या यादीत आपलं नाव लागावं. त्यांच्या जावेचं लागलं होतं आणि जाऊ ते दर नाताळाला बोलून दाखवायची. पण संस्थेला कागद लागतात. आईपासून त्या पहिल्या माणसापर्यंत प्रत्येक पिढीचा जन्म, लग्न, मृत्यू. एक कडी निसटली की सगळी साखळी परत. वॉरनसाहेबांनी कामाच्या धबडग्यात वीस वर्षं ते टाळलं होतं. आता धबडगा नव्हता. दर रविवारी चारला, म्हणजे तिकडे सकाळी, आई फोनवर विचारायच्या, "कुठवर आलं?"

मी हरखलो. खरं तर मला सुटल्यासारखं वाटलं. केबिनमधून बाहेर जाता येत नव्हतं, पण संगणकाच्या पडद्यावरून मेरीलँडच्या जुन्या चर्चच्या नोंदवहीत जाता येत होतं. पिवळट पानं, लांब शेपटाची अक्षरं, कुठे शाईचा डाग. मृत्युपत्रं वाचताना तर तास जायचे. माणूस मरताना काय काय वाटून देतो. काशाच्या चार थाळ्या थोरल्या मुलीला. पिसांची गादी बायकोला, पण तिनं पुन्हा लग्न केलं नाही तरच. तांबडी गाय नावानिशी नातवाला. आमच्या आज्यानं मरताना असंच घोंगडं कुणाला आणि चंची कुणाला ते सांगितलं होतं, फक्त लिहून घ्यायला कुणी नव्हतं. मी माझ्या पद्धतीनं रजिस्टर उघडलं. वॉरनसाहेबांची आई क्रमांक एक. आईंचे वडील क्रमांक दोन. पूर्वज क्रमांक पाच, आवृत्ती दोन, कारण त्याच्या जन्माच्या दोन तारखा मिळाल्या होत्या. वॉरनसाहेब ते बघून बराच वेळ हसले. म्हणाले, "आमच्या घराण्याला इतकी शिस्त कधीच नव्हती."

मला त्या दिवसांत सारखा हेळवी आठवायचा. आमच्या भागात शाळूची सुगी झाली की दोन-चार वर्षांतून एकदा हेळवी यायचा. बैल, बैलाच्या गळ्यात मोठी घंटा, पाठीवर गुंडाळलेल्या जुन्या वह्या. घराघरांची वंशावळ सांगणं हा त्याचा पिढीजात धंदा. अंगणात घोंगड्यावर बसायचा, आज्याचं नाव विचारायचा आणि मग डोळे मिटून एका सुरात सुरू. अमक्याचा तमका, तमक्याचे तिघं, तिघांतला मधला हिकडं आला, दुष्काळात आला, एका गाईनिशी आला. आई सुपातून शाळू आणून त्याच्या झोळीत घालायची. मी पाचवीत असताना त्याला विचारलं होतं, "आमच्यात कोण राजा हुता का?" त्यानं डोळे उघडले. "राजे मोप हुते बाळा," म्हणाला, "पर तुमच्यात न्हवते." सगळं अंगण हसलं, आज्या सगळ्यांत जास्त.

वॉरनसाहेबांच्या आईंच्या घराण्यात मात्र एक राजासारखा निघाला. निदान तसं वाटलं. साखळी वर वर चढत सायलस एडवर्ड थॉर्नबी या माणसाशी आली. अठराव्या शतकाच्या अखेरीस जन्मलेला, पुढं पश्चिमेला ओहायोत गेलेला. त्याचे वडील शोधायचे होते. मला ते अवघड वाटलंच नाही. नाव समोर लिहिलेलं होतं. सायलस हा मुलगा, एडवर्ड हा बाप, थॉर्नबी हे आडनाव. मी एडवर्ड थॉर्नबी शोधला. शेजारच्या परगण्यात सापडला, वय जुळणारा, आणि त्याच्या मृत्युपत्रात स्वच्छ लिहिलेलं, माझा मुलगा सायलस यास खालचं शेत. मी टाळी वाजवायचाच काय तो बाकी होतो. एडवर्डपासून वरची वाट सरळ होती. तीन पिढ्यांवर कॅप्टन निकोलस थॉर्नबी. स्वतःच्या जहाजात हिस्सा असलेला, नदीकाठी जमीन घेतलेला, गावचा न्यायाधीश. अंगठीनं लाखेवर उमटवलेली मोहोरसुद्धा एका कागदावर होती.

वॉरनसाहेबांनी तो वंशवृक्ष मोठ्या अक्षरांत करून आईला पाठवला. वृद्धाश्रमातल्या परिचारिकेनं तो छापून त्यांच्या पलंगासमोर भिंतीवर लावला. पुढच्या रविवारी फोनवर त्यांचा आवाज केबिनभर ऐकू येत होता. त्यांनी शेजारच्या तीन खोल्यांत जाऊन कॅप्टनबद्दल सांगितलं होतं. जाऊ वारली होती, म्हणून तिच्या मुलीला पत्र टाकलं होतं. संस्थेचा अर्ज भरायचा तेवढा राहिला होता.

खोलीवर नंदू रोज विचारायचा, "सांगितलंस का रे त्याला?" नंदू चिपळूणचा, दुसऱ्या कंपनीत हिशेबनीस, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. त्याचं म्हणणं साधं होतं. कुणाला आधी सोडायचं ती यादी वॉरनसाहेबच मालकापुढे ठेवतात, मग त्यांना सांगायचं की ३१ जुलैला वडील निवृत्त होतायत.

"अर्ज भरून झाला की सांगतो," मी म्हणायचो.

"का? अर्जाचा आणि तुझ्या बापाचा काय संबंध?"

"त्यांचं काम अर्धवट ठेवून आपलं कसं काढायचं?"

"धन्य आहेस," नंदू कांदा चिरता चिरता म्हणायचा. "त्यानं तुला असं कधी म्हटलंय?"

म्हटलं नव्हतं. पण मला ते म्हणायला लागत नव्हतं. आम्ही असेच वाढलो. शाळेत दाखला हवा असेल तर आधी सरांच्या टेबलावरचे गठ्ठे कपाटात लावून द्यायचे, मग दाराशी उभं राहायचं, मग सर स्वतःच विचारायचे, काय रे. कुणी शिकवलं नाही हे. अण्णा जगत होते, ते मी पाहत होतो. मागण्याआधी हात रिकामे नसावेत. त्या सवयीनंच मी इथवर आलो असंही मला वाटतं, त्यामुळे तिला नावं ठेवायला जीभ रेटत नाही.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातला सोमवार. बाहेर धूळ इतकी की कुंपणही दिसत नव्हतं. संस्थेचा अर्ज आम्ही दोघं मिळून भरत होतो. त्यात अर्जदाराच्या मुलाचं पूर्ण नाव लिहायचं होतं. वॉरनसाहेबांनी गळ्यातलं ओळखपत्र माझ्यापुढे धरलं. वॉरन ली, पुढे आडनाव. मी लिहिता लिहिता सहज म्हणालो, "ली हे तुमच्या वडिलांचं नाव. मग रजिस्टरात, आईंच्या लग्नाच्या नोंदीत, मी त्यांना हॅरॉल्ड का लिहिलंय?"

"कारण त्यांचं नाव हॅरॉल्ड होतं."

"मग ली?"

"आईला आवडलं म्हणून. शेजारी कुणी ली होता म्हणे, चांगला पोहायचा." ते हसले. "मधलं नाव हे असंच असतं, सिद्धराम. काहीही ठेवतात."

मी पेन खाली ठेवलं. माझ्या पासपोर्टवर मधलं नाव अण्णांचं. आमच्या वर्गाच्या हजेरीत पन्नास मुलांची मधली नावं पन्नास बापांची. इथं आलो तर इथल्या ओळखपत्रांवरही तेच, आधी स्वतःचं, मग बापाचं, मग आज्याचं. चाळीस वर्षांत मला एकदाही शंका आली नव्हती की माणसाच्या दोन नावांमध्ये बाप सोडून आणखी कुणी उभा असू शकतो. मी "एक मिनिट" म्हणून उठलो आणि पाण्याच्या मशीनपाशी जाऊन नुसता उभा राहिलो.

संध्याकाळपर्यंत खात्री झाली. एडवर्डच्या मृत्युपत्रातला सायलस वेगळाच होता. तो त्या खालच्या शेतातच राहिला, तिथंच वारला, ओहायोला कधी गेलाच नाही. आपला सायलस एडवर्ड म्हणजे कुणा तिसऱ्याचा मुलगा. एडवर्ड हे नाव त्याच्या आईच्या माहेरून आलं असावं. म्हणजे मी एका बाईंच्या भिंतीवर परक्या घराण्याचा कॅप्टन टांगला होता.

नंदूला सांगितलं. तो जेवायचा थांबला नाही. "दोनशे वर्षांपूर्वीचा बाप बदलला म्हणून आज कोण रडतंय? गप्प अर्ज दे, सही घे, विमानात बस. गावाहून पत्र लिही, चूक झाली म्हणून."

"आणि त्या बाई?"

"त्या खूश आहेत रे. तू काय त्यांचा कॅप्टन काढून घ्यायला जन्माला आलायस?"

मी ठरवलं, आधी खरे वडील शोधायचे. चुकलेल्या कामाबरोबर दुरुस्त केलेलं कामही हातात असलं की तोंड उघडता येईल. बुधवारी मालक केबिनवर आला. तो क्वचितच यायचा. अत्तराचा वास, पांढराशुभ्र पायघोळ दिशदाशा, मागे फाइल धरलेला मंदूब, म्हणजे कंपनीची सरकारी कामं करणारा माणूस. आत तासभर सह्या चालल्या. मग वॉरनसाहेबांनी दारातून डोकं बाहेर काढलं आणि सगळ्यांना उद्देशून विचारलं, "कुणाचं काही आहे का? साहेब इथं आहेत."

घरी जाण्याचा माझा अर्ज खिशात होता. मंगळवारीच छापून ठेवला होता. वॉरनसाहेबांची नजर टेबलांवरून फिरत माझ्यावर आली, क्षणभर थांबली. मी रजिस्टरवर मान खाली घातली. ज्या माणसाच्या आईला आपण फसवलंय त्याच्याकडे मागायचं कसं? दार बंद झालं. त्या दाराचा आवाज काही मोठा नव्हता.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार मी शोधत राहिलो. शुक्रवार-शनिवार सुट्टी, तर खोलीवर बसून. पडदे ओढलेले, बाहेर पन्नास अंश, आणि मी सतराव्या शतकातल्या कोर्टाच्या नोंदींत. खरी साखळी सापडली, आणि ती वर जाऊन जॉन थॉर्नबी नावाच्या माणसापाशी थांबली. त्याच्याकडे जहाज नव्हतं. त्यालाच जहाजातून आणलं होतं. भाड्याचे पैसे नव्हते म्हणून सात वर्षांच्या करारावर बांधलेला नोकर. त्याला आणल्याबद्दल मालकाला पन्नास एकर जमीन मिळाली, तशी तेव्हाची रीतच होती. त्याची दुसरी नोंद कोर्टातली. हा जॉन मालकाच्या परवानगीवाचून निघून गेला, पकडला गेला, आणि जितके दिवस गैरहजर त्याच्या दुप्पट दिवस करारात वाढवले. त्याच्या वडिलांचं नाव कुठेच नव्हतं. मी ती नोंद पुन्हा पुन्हा वाचली. परवानगीवाचून निघून गेला. कुठे निघाला असेल तो? त्याला तिथं कुणीच नव्हतं. पुढं जंगल आणि मागं समुद्र.

वडिलांच्या जागी मी खूप वेळ रिकामा चौकोन बघत बसलो. आणि हेळवी पुन्हा आठवला. आमच्याच वंशावळीत एक पिढी त्याला ठाऊक नव्हती. तिथं आला की तो थांबायचा, तळहातानं जमीन थोपटायचा आणि म्हणायचा, "हितली एक पिढी मला ठावं न्हाई." आज्याला चारचौघांत ते बरं वाटायचं नाही. एकदा तो म्हणाला, "घाल की एकादं नाव. कोण बगतंय?" हेळवी म्हणाला, "घातलं असतं मालक. पर त्यो येऊन इचारंल न्हवं, मला कुणाच्या दारात नेऊन बांधलास म्हून."

रविवारी सकाळी मी वॉरनसाहेबांना सगळं सांगितलं. मधल्या नावाचं, दोन सायलसांचं, जॉनचं. हेळव्याचंही सांगितलं, इंग्रजीत ते फार बरं जमलं नाही. ते उठून बाहेर गेले आणि तापलेल्या गाडीला टेकून उभे राहिले. इतक्या उन्हात कुणी असं उभं राहत नाही. दहा मिनिटांनी आत आले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

"कधी कळलं तुला?"

"सोमवारी."

"आज रविवार आहे."

"आधी बरोबर करून मग सांगावं म्हणून. आणि सर," इथं माझा आवाज मलाच लहान वाटला, "माझा एक अर्ज आहे." मी खिशातला कागद पुढे केला. वडील, शाळा, ३१ तारीख. त्यांनी तो वाचला. मग चष्मा काढला.

"हे माझ्या कामासाठी थांबवलं होतंस?"

मी मान हलवली.

"मी तुला कधी असं म्हणालो?"

"नाही."

"बुधवारी मी विचारलं होतं. तुझ्याकडे बघून विचारलं होतं." त्यांनी सही केली, लगेच, तिथंच, टेबलाच्या कडेवर कागद ठेवून. "गुरुवारी मालक लंडनला गेला. सप्टेंबरपर्यंत." त्यांनी मालकाला फोन लावला, लागला नाही. निरोप पाठवले. मंदूबला बोलावलं. मंदूब माझ्याकडे बघून हिंदीत म्हणाला, "भाई, अब तो सप्टेंबर." माझ्या मोबाइलवर अर्जासमोर एक शब्द उमटला, विचाराधीन. तो पुढे कितीतरी दिवस तसाच होता. अण्णांना मी फोनवर एवढंच सांगितलं की साहेबांच्या घराण्याचं जुनं काम हातात आहे, ३१ला जमणार नाही.

चारला आईंचा फोन आला. वॉरनसाहेबांनी फोन टेबलावर ठेवला आणि मला म्हणाले, "तू सांग. तू शोधलंस." मी सांगितलं. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून मोठ्यानं, एकेक वाक्य. 

"म्हणजे कॅप्टन आमचा नाही?" बाई म्हणाल्या.

"नाही. माझी चूक झाली. मला माफ करा."

 "मला त्याची सवय झाली होती," त्या म्हणाल्या. मग, "हा दुसरा. तो पळाला होता म्हणतोस?"

"हो."

"पकडला?"

"हो. दुप्पट दिवस भरावे लागले."

"पुन्हा पळाला?"

"कागदात नाही."

"कागदात नसेल," बाई म्हणाल्या. "त्याचं लग्न झालं का पुढं?"

"झालं. पाच मुलं."

"कागद आहेत सगळ्यांचे?"

"आहेत. फक्त त्याच्या वडिलांचा नाही. ती जागा रिकामी ठेवलीय."

"ठेव," त्या म्हणाल्या. "आणि वॉरनला सांग, अर्ज नव्यानं भरा. मला एक्याण्णव झालीत, मी काय बसून राहणार आहे का." मग जरा थांबून, "भिंतीवरचा कागद काढायला सांगायला हवा."

नवा अर्ज आम्ही त्याच आठवड्यात पुरा केला. मी प्रत्येक कडी तीन-तीनदा तपासली. तो गेला तेव्हा जुलैचे दहा दिवस उरले होते. पुढं काही काम नव्हतं. वॉरनसाहेब आणि मी समोरासमोर बसायचो. ते मधूनच माझ्या मोबाइलकडे बघायचे, मी नाही म्हणून मान हलवायचो. ते कधी रागावून बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं असं मला वाटायचं. भिंत दुसऱ्या कुणी बांधली असती तर मी तिच्यावर डोकं आपटलं असतं. इथं ती मीच बांधली होती, नीट ओळंबा लावून, चांगल्या वळणाची.

३१ तारखेला दुपारी अण्णांचा फोन आला. मागं मुलांचा गलका, भांड्यांचे आवाज.

"झालं बग," म्हणाले. "मुख्याध्यापक बोललं. पाटीलसर आल्तं, काठी टेकत. बाई बी आल्त्या."

"शाल घातली?"

"घातली. आन् खुर्चीत बशीवलं, वर, सगळ्यांच्या मदी. बसलो. पर पाठ टेकीवली न्हाई म्या. सवं न्हाई."

 त्यांना वाटलं फोन कट झाला. "हॅलो," म्हणाले, "सिदू?"

"आहे, अण्णा."

"लोकं इचारत हुती, पोरगं आलं न्हाई का. म्या सांगितलं. त्येच्या सायबाच्या घराण्याचं काम हाय, साडेतीनशे वर्साचं. सायबाची आई म्हातारी हाय. असलं काम मधी टाकून येता येत न्हाई. पाटीलसरांनी मान हलीवली. म्हणालं, बरोबर हाय त्येचं."

"हो," मी म्हणालो.

"झालं का मग ते काम?"

समोर वॉरनसाहेब होते. त्यांना मराठी येत नाही, तरी ते खिडकीकडे तोंड करून बसले होते.

"होत आलंय," मी म्हणालो.

"कर सावकाश," अण्णा म्हणाले. "बरोबर कर."

सप्टेंबरात मंजुरी आली, मी गेलो, पंधरा दिवस राहिलो. वॉरनसाहेब त्याच महिन्यात कायमचे परतले. मी दुसऱ्या कंपनीत लागलो आणि पुन्हा रिग्गईतच आहे. अण्णा गावात कुणी भेटलं की अजून सांगतात, पोरगं एका कामात अडकलं होतं म्हणून येऊ शकलं नाही. ते काम तेव्हा संपून दहा दिवस झाले होते, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.